वाचकांचे प्रश्न : टॉवरच्या डोंगरावरचं फाटक दुरून कसं उघडावं?

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयाचे आहेत. बिनतारी यंत्रणेचा टॉवर डोंगरमाथ्यावर असतो, वर वॉचमन परवडत नाही. मध्यरात्री रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारं यंत्र) बंद पडतो, तंत्रज्ञ घाट चढून वर पोचतो आणि फाटकाला कुलूप असतं. किल्ली वीस किलोमीटर खाली, तीही गाढ झोपलेल्या माणसाच्या घरी. मग दुरून उघडणारं फाटक बसवायचं ठरतं. प्रश्नांखाली गावांची नावं दिली आहेत, माणसांची आणि पुरवठादारांची दिलेली नाहीत.

मिस्ड कॉल दिला की फाटक उघडणारं जीएसएम (मोबाईल सिमवर चालणारं) खोकं आम्ही बसवलं. दोन महिने छान चाललं. आता कधी उघडतं, कधी नाही. पुरवठादार म्हणतो, नेटवर्कचा दोष. – पाटण तालुका

नेटवर्कला दोष देण्याआधी चार गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिली म्हणजे सिमची मुदत. खोक्यातल्या सिमवरून कुणी फोन करत नाही, त्यामुळे रिचार्ज संपल्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही. मुदत संपली की काही दिवसांनी येणारे कॉलही थांबतात. दोन महिन्यांनी बिघडलं म्हणता, तेव्हा संशय आधी इथेच घ्या.

दुसरी गोष्ट नेटवर्कच्या पिढीची. स्वस्त खोकी टूजीवर चालतात. जिओचं टूजी नाही, म्हणून त्यांचं सिम या खोक्यात मुळात चालणारच नाही. फोरजी खोकं घेतलं तरी 'डेटा चालतो, कॉल लागत नाही' असा प्रकार होतो, कारण फोरजीवर कॉल घ्यायला मॉड्यूलला, म्हणजे खोक्यातल्या सिम चालवणाऱ्या भागाला, व्होल्टी (फोरजीवरूनच कॉल नेणारी पद्धत) यावं लागतं. घेताना हे लेखी विचारा. तेरा आकडी एम-टू-एम (यंत्रांसाठीच्या) सिमवरचे कॉल मोजक्याच, आधी ठरवून दिलेल्या नंबरांपुरते बांधलेले असतात. वीस जणांनी मिस्ड कॉल द्यायचा असेल तर ते सिम कामाचं नाही.

तिसरी गोष्ट वीज. टूजी मॉड्यूल नेटवर्कशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. बारीक वायरवर किंवा किरकोळ अडॅप्टरवर त्या क्षणी व्होल्टेज पडतं आणि मॉड्यूल आपोआप रीस्टार्ट होतं. कॉल आला की दिवा विझून पुन्हा लुकलुकायला लागत असेल तर रोग हाच. वायर जाड करा, किमान २ अँपिअरचा पुरवठा द्या आणि खोक्याच्या टर्मिनलवरच १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा.

चौथी गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. डोंगरमाथ्यावर रेंज फार चांगली असते आणि तीच नडते. वरून दहा खोऱ्यांतले टॉवर दिसतात, मॉड्यूल या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतं आणि नेमकी उडी चालू असताना आलेला कॉल हुकतो. चारी दिशांना ऐकणारी काडी अँटेना काढा, दिशादर्शक पॅनेल अँटेना लावा आणि ती खालच्या एकाच टॉवरकडे वळवा. एवढं करून रोज पहाटे दहा सेकंद वीज तोडून पुन्हा जोडणारा टायमरही बसवा. अडकलेलं मॉड्यूल आपोआप सुटतं.

तुम्ही विचारलं नाही, तरी हे सांगायलाच हवं. यातल्या बऱ्याच खोक्यांचा कारखान्यातला पासवर्ड १२३४ असतो आणि तो कुणी बदलत नाही. तो माहीत असलेला कुणीही एसएमएस पाठवून स्वतःचा नंबर यादीत घालू शकतो. शिवाय फोनवर दिसणारा नंबर बनावट करता येतो. म्हणून नुसत्या मिस्ड कॉलवर दिवसा उघडू द्या, रात्री मात्र कॉल आणि फाटकावरच्या कीपॅडचा आकडा असं दोन्ही लागू द्या. नोकरी सोडून गेलेल्यांचे नंबर दर महिन्याच्या १ तारखेला यादीतून काढा.

जुलै-ऑगस्टमध्ये सोलरवरची बॅटरी उतरते आणि फाटक उघडत नाही. मोटर फार वीज खाते का? लहान मोटर घ्यावी का? – जावळी तालुका

मोटर बदलू नका, ती बिचारी निर्दोष आहे. हिशेब मांडून बघा.

२४ व्होल्टची सरकत्या फाटकाची मोटर साधारण ५ अँपिअर घेते. उघडायला २० सेकंद, मिटायला २० सेकंद. एका फेरीला ही वीज १.३ वॉट-तास होते. दिवसाला चार गाड्या आल्या तरी ५ वॉट-तासांच्या आसपास.

आता जे दिसत नाही ते मोजा. कंट्रोल बोर्ड १२ व्होल्टवर ४० मिलिअँपिअर, कार्ड रीडर ८०, फोरजी राउटर ४००. हे चोवीस तास चालू. एकूण ५२० मिलिअँपिअर गुणिले २४ तास गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे १५० वॉट-तास. बॅटरी खातं ते फाटकाचं वाट बघत बसणं. उघडमीट त्यापुढे काहीच नाही.

सगळ्यात मोठा खादाड राउटर. तो दर अर्ध्या तासाला पाच मिनिटंच चालू ठेवला तर ११५ वॉट-तासांचे १९ होतात आणि रोजचा एकूण खर्च १५५ वरून ६० वर येतो. तातडीने जागं करायचं असेल तर २०-३० मिलिअँपिअरवर पडून राहणारं लहान जीएसएम मॉड्यूल सोबत ठेवा. त्याला मिस्ड कॉल दिला की ते राउटरला वीज देईल.

राउटर बंद ठेवणं जमतच नसेल तर साठा वाढवा. जावळी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात सलग पाच काळोखे दिवस धरूनच मांडणी करावी. १५५ गुणिले ५ म्हणजे ७७५ वॉट-तास. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरायची धरली तर २५.६ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची पुरते. लेड-ॲसिड निम्मीच वापरावी, म्हणून १२ व्होल्ट ६५ अँपिअर-तासांच्या दोन लागतील. दाट ढगांच्या दिवसांत पूर्ण उन्हाचे १ ते १.५ तासच धरा. १५५ भागिले १.५, त्याला ०.७ कार्यक्षमतेने भागा, उत्तर येतं १४८ वॉट. म्हणजे १०० वॉटची दोन पॅनेलं. ऑक्टोबरातल्या उन्हात '६० वॉटचं पुरतं' म्हणणाऱ्याला जुलैत वर घेऊन जा.

पॅनेल फाटकाच्या खांबावर खाली लावू नका. गवत वाढतं, सावली पडते, चोरीही होते. टॉवरच्या पायाला ४ मीटरवर लावा, ताऱ्याचं डोकं असलेल्या स्क्रूंनी.

फाटक पत्र्याचं, दोन पाखांचं, हातासारख्या मोटरी लावलेलं आहे. वर्षात दोन वेळा मोटरीचे गिअर तुटले. – वनकुसवडे पठार

ज्या पठारावर पवनचक्क्या उभ्या करतात तिथे पत्र्याचं फाटक म्हणजे शीडच. वाऱ्याचा दाब मोजायचं सूत्र सोपं आहे : ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर वाऱ्याला हा दाब चौरस मीटरला २४० न्यूटन होतो. ४ मीटर रुंद, १.८ मीटर उंच पत्र्यावर ७.२ चौरस मीटरला साधारण १७५ किलोचा रेटा. तो सगळा त्या दोन लहान गिअरांवर.

पत्रा काढा आणि वेल्डेड जाळी किंवा उभ्या सळ्या लावा, वारा आरपार जाऊ द्या. आतलं दिसेल म्हणून घाबरू नका. आत कुणी घुसलंय का हे रस्त्यावरून दिसणं उलट सोयीचं. पाखं मिटल्यावर मधला दांडा जमिनीत जायला हवा आणि उघडल्यावरही टेकायला ठोकळा हवा, म्हणजे वाऱ्याचा मार मोटरीवर न जाता जमिनीत जातो. नवीन करणार असाल तर सरकतं घ्या, तेही जमिनीवर रूळ नसलेलं, मागच्या बाजूने तोललेलं. मुरूम आणि चिखल रुळात बसायचा प्रश्नच मिटतो. त्याला उघडणीच्या दीडपट लांब फाटक आणि तेवढी मोकळी जागा बाजूला लागते, हे आधी फीत लावून बघा.

रिमोट गावात ४० मीटरवरून चालतो. टॉवरजवळ मात्र फाटकाला टेकवावा लागतो. – मिरज तालुका

रिमोट बरा आहे. त्याचा रिसीव्हर बहिरा झालाय. फाटकाच्या रिमोटची ताकद काही मिलिवॉट, आणि शेजारी शेकडो वॉटचा प्रक्षेपक ओरडतोय. स्वस्त रिसीव्हरमध्ये कॉइलचा स्क्रू पिळून जुळवायचं सुपर-रिजनरेटिव्ह सर्किट असतं. त्याला आपला ४३३ मेगाहर्ट्झचा आवाज आणि शेजारचा गोंगाट वेगळा करता येत नाही. रिसीव्हर उघडून आतला बोर्ड बघा : चकचकीत चौकोनी धातूचा क्रिस्टल दिसला नाही आणि पितळी स्क्रूची लहान कॉइल दिसली, तर हाच प्रकार. क्रिस्टल असलेला, नेमकी लहर निवडणारा सुपरहेट रिसीव्हर घ्या आणि अँटेना नि रिसीव्हरच्या मध्ये ४३३चा सॉ फिल्टर (बाकीच्या लहरी अडवणारी गाळणी) लावा. रिसीव्हर टॉवरकडे तोंड करून न ठेवता दगडी खांबाच्या पलीकडच्या, रस्त्याच्या बाजूला बसवा.

मध्यम लहरीच्या टॉवरजवळ रोग आणखी वेगळा. आकाशवाणी सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्झला लहरीची लांबी २४० मीटर आहे, तिचा चतुर्थांश ६० मीटर. तुमच्या तारेच्या कुंपणाची एक बाजू तेवढीच असेल तर कुंपण स्वतःच अँटेना होतं. बटणाच्या वायरीत घुसलेली ऊर्जा बोर्डाच्या इनपुटवर डीसी होऊन बसते आणि फाटक आपोआप उघडतं. यावर शिल्डेड (धातूच्या जाळीचं कवच असलेली) वायर वापरा. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. बोर्डात शिरण्याआधी वायरीचे पाच-सात वेढे फेराइट कड्याभोवती द्या. कुंपण दर १५-२० मीटरला अर्थला जोडा. फाटकाची पाखंही लवचीक तांब्याच्या पट्टीने खांबाला जोडा, कारण गंजक्या बिजागरीतून धड जोडही होत नाही आणि ठिणग्याही उडतात.

रिमोट बदलतच आहात तर रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी कोड बदलणारा घ्या. बाजारातल्या साध्या रिमोटचा कोड कायम एकच असतो. २० बिटांचा म्हणजे साडेदहा लाख शक्यता, हे ऐकायला बरं वाटतं. पण कुणी एकदा तो हवेतून टिपला की पुन्हा वाजवता येतो, तेव्हा लाख असोत की दहा लाख.

आमच्या टॉवरवर पाच संस्थांची यंत्रं आहेत. फाटकाच्या साखळीत पाच कुलपं एकात एक अडकवली आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी बाहेर अडकतो. – विटा

आधुनिक उपकरण घेण्याआधी आहे ते नीट करा.

साखळीत कुलपं अडकवायची पद्धत तत्त्वतः बरोबर. प्रत्येक कुलूप म्हणजे साखळीतली एक कडी. कुणीही आपलं कुलूप काढलं की साखळी तुटते, परत जाताना त्याने ते शेजारच्या दोन कुलपांच्या मध्ये अडकवायचं. घोळ होतो तो अंधारात, पावसात, घाईत. माणूस आपलं कुलूप शेजारच्या दोन कुलपांत न अडकवता सरळ साखळीच्या दोन कड्यांत टाकून मोकळा होतो, मधली चार नुसती लोंबतात. त्याचं फाटक बंद होतं, बाकीच्यांचं कायमचं. आणि पाचांपैकी एक जरी दीडशे रुपयांचं असेल तर सगळ्या फाटकाची मजबुती दीडशेचीच.

यापेक्षा दांड्याची पट्टी करून घ्या. फाटकाचा आडवा दांडा ५ मिलिमीटर जाडीच्या पेटीत सरकतो. पेटीला पाच भोकं, प्रत्येकात एकाचं कुलूप. आतली रचना अशी की कोणतंही एक कुलूप निघालं की दांडा सुटावा. विट्यातला चांगला फॅब्रिकेटर तयार नमुना दाखवला तर करून देईल. पेटी खाली उघडी हवी. पाणी साचलं की कुलपं गंजतात. कुलपं झाकलेल्या कडीची घ्या, म्हणजे कटरचं तोंड आत जात नाही. प्रत्येक कुलपावर पितळी बिल्ला आणि त्यावर रात्री उचलला जाणारा फोन नंबर.

याच वेळी बिजागऱ्या बघा. दोन्ही बिजागऱ्यांच्या खुंट्या वर तोंड करून असतील तर कुलपाला हातही न लावता दोन माणसं फाटक उचलून बाजूला ठेवतात. वरची खुंटी खाली तोंड करून वेल्ड करा.

आता दुरून उघडणं. इलेक्ट्रॉनिक कुलूप हे या पट्टीतलं सहावं म्हणून बसवा. ते बंद पडलं तरी पाच किल्ल्या चालतात आणि कुणाचाच खोळंबा होत नाही.

आनेवाडी-तासवडेच्या टोलवर फास्टॅग वाचून दांडा उघडतो. आमच्या गाड्यांना फास्टॅग आहेच. तोच टॉवरच्या फाटकाला चालेल का? आणि कीपॅड की कार्ड, काय बरं? – कराड

वाचता येईल. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवरचा साधा यूएचएफ टॅग आहे, रीडर बाजारात मिळतात. बँकेच्या पैशाला त्यात हात लागत नाही, फक्त टॅगचा क्रमांक वाचला जातो. पण टोलवर दांडा उघडला तरी पैसे खात्यातून जातात, कॅमेरा असतो, माणूस असतो. तुमच्या फाटकावर यातलं काही नाही. क्रमांक उघड असतो, रस्त्यावर उभं राहून कुणीही तो वाचू शकतो आणि कोऱ्या टॅगवर उतरवू शकतो. म्हणून फास्टॅगला गाडीच्या नंबरप्लेटइतकीच किंमत द्या. 'ही गाडी आली' अशी नोंद करायला उत्तम, एकट्याने फाटक उघडायला नको. त्यातही रीडर १० ते २० वॉट खातो, जावळीच्या प्रश्नातला हिशेब आठवा. गाडी उभी राहिल्यावरच रीडर जागा व्हावा म्हणून रस्त्यात इंडक्शन लूप (वर गाडी आली की ओळखणारं, पुरलेलं वायरीचं वेटोळं) घाला.

लूप साधारण २ बाय १ मीटर, १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचे ४ वेढे, खोली ४-५ सेंटिमीटर, कोपरे तिरपे कापलेले. तिथून पेटीपर्यंतची जोडी मीटरला किमान २० पीळ देऊन नेलेली. मुरमाच्या रस्त्यात लूप टाकू नका, चाकांनी मुरूम सरकतो आणि वायर तुटते. तेवढ्यापुरता काँक्रीटचा ओटा करा, सळ्या लूपपासून खाली ठेवा. सरकत्या लोखंडी फाटकापासून एक मीटर अंतर सोडा, नाहीतर फाटकालाच गाडी समजेल. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ओट्याखाली किमान एक फूट मुरूम भरा. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि ओटा नि खांब दोन्ही हलवते.

कीपॅड की कार्ड? १२५ किलोहर्ट्झचं साधं कार्ड नको, हजार रुपयांच्या यंत्राने त्याची प्रत निघते. कार्ड घ्यायचंच तर डेसफायर जातीचं, कूटबद्ध बोलणारं. कीपॅडबद्दल एकच अट, पण ती मोडू नका : फाटक उघडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) बाहेरच्या कीपॅडमध्ये नको. दोनशे मीटरवर कुणी नसताना माणूस चार स्क्रू काढतो, मागच्या दोन वायरी एकमेकींना लावतो आणि फाटक उघडतं. कीपॅड बाहेर, निर्णय घेणारा बोर्ड आत. आणि दोघांमधली वायगंड वायर (कीपॅडचे आकडे बोर्डाकडे नेणारी) कूट न करता उघडं बोलते, म्हणून ती जीआय पाइपमधून न्या.

डिझेल आणणाऱ्यासारख्या एकदाच येणाऱ्यांना कायमचा आकडा देऊ नका. दर ३० सेकंदांनी बदलणारा, बँकेच्या ॲपसारखा कालबद्ध कोड नेट नसतानाही चालतो. कारण कंट्रोल रूमचं आणि फाटकाचं गणित एकच असतं, फक्त घड्याळं जुळावी लागतात. स्वस्त घड्याळाची चिप महिन्याला मिनिटभर पुढेमागे जाते. तेव्हा राउटर जागा झाला की वेळ जुळवून घेण्याची सोय मागा.

वळवाच्या पावसात तिसऱ्यांदा बोर्ड जळला. टॉवरला अर्थिंग आहे, तडितरक्षकही आहे. – जत

टॉवरचं अर्थिंग चांगलं असूनही बोर्ड जळतो, असं म्हटलं तर नवल वाटेल. टॉवरवर २०,००० अँपिअरची वीज पडली आणि अर्थचा रोध ५ ओहम असला तर त्या क्षणी टॉवरखालची जमीन १ लाख व्होल्टवर जाते. तुमची केबिन त्याच जमिनीवर. फाटक १०० मीटर दूर, तिथली जमीन जवळपास शून्यावर. मधे केबिनपासून फाटकापर्यंत कंट्रोलची तांब्याची वायर. दोन जमिनींतला सगळा फरक त्या वायरीच्या टोकाला, म्हणजे तुमच्या बोर्डावर फुटतो.

केबिन ते फाटक तांब्याची वायरच नको. फाटकाला आपलं छोटं सोलर द्या आणि संदेश धातूचं चिलखत नसलेल्या ऑप्टिकल फायबरवरून किंवा बिनतारी पाठवा. फायबर मीटरला काही रुपयांत मिळतं, जळालेला एक बोर्ड त्याहून महाग असतो.

वायर काढणं शक्यच नसेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेलं व्होल्टेज अर्थमध्ये सोडणारं उपकरण) लावा. शिवाय वायरीच्या खंदकातूनच २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी टाकून टॉवरचा आणि फाटकाचा अर्थ एक करा. प्रोटेक्टरपासून अर्थपर्यंतची वायर अर्ध्या मीटरच्या आत आणि सरळ ठेवा, वेटोळं केलं की त्याचा उपयोग संपतो. जतच्या मुरमाड, कोरड्या जमिनीत मे महिन्यात अर्थचा रोध चढतो आणि वळीव नेमका तेव्हाच येतो. मोजणी मे महिन्यातच करा. १० ओहमच्या खाली नसेल तर खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरा. मीठ-कोळशाचा खड्डा दोन-चार वर्षांत पट्टी खाऊन टाकतो.

कंट्रोल रूममधून फाटकाचा कॅमेरा बघून उघडायचं आहे. राउटरवर पोर्ट उघडलं, तरी बाहेरून लागत नाही. – सातारा

मोबाईल सिमवर तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, हजारो ग्राहक एका पत्त्यामागे असतात. पोर्ट उघडून उपयोग नाही, आणि लागलं असतं तर वाईटच झालं असतं. फाटकाच्या राउटरने आतून बाहेर व्हीपीएन (कूटबद्ध, खाजगी) जोडणी करावी. वायरगार्ड ही व्हीपीएन प्रणाली असेल तर तिच्यात दर २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) द्या, नाहीतर जोडणी मधेच झोपते. हे कॅमेरा सतत लागत असेल तरच. राउटर टायमरवर ठेवणार असाल तर जागा झाला की जोडेल. कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड बदला. फाटकाला मिटल्याचं सांगणारा चुंबकी स्विच लावा, ५० मिलिमीटर फटीचा. उघडण्याचा आदेश गेला आणि फाटक खरोखर मिटलं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आदेशाची नोंद सगळे ठेवतात, मिटल्याची कुणीच ठेवत नाही, आणि फाटक तीन दिवस उघडं राहतं.

लोरा (कमी विजेत लांब पोचणाऱ्या बिनतारी) मॉड्यूलने फाटक उघडायचं आहे. लायसन लागेल का? – इस्लामपूर

८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये १ वॉट प्रेषक शक्ती, ४ वॉट विकिरित शक्ती आणि २०० किलोहर्ट्झ पट्ट्याच्या आत स्वतंत्र लायसन लागत नाही. ऑनलाइन मागवताना ९१५चं मॉड्यूल घेऊ नका. ते अमेरिकेसाठी आहे. आपल्याकडे त्याच्याच बाजूला मोबाईल टॉवरचा ऐकण्याचा पट्टा आहे, आणि तुमच्याच डोंगरावर मोबाईलचा टॉवर असेल तर तक्रार ठरलेली. संदेश कूटबद्ध करा आणि प्रत्येकाला चढता क्रमांक द्या, म्हणजे जुना टिपलेला संदेश पुन्हा चालणार नाही. व्हीएचएफ (बिनतारी) सेटच्या डीटीएमएफ, म्हणजे बटणांच्या सुरांच्या आकड्यांनी उघडायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ते आकडे अख्खं खोरं ऐकतं. ५० आकड्यांची छापील यादी करा आणि एक आकडा एकदाच वापरा.

धुक्यात फाटक मिटतच नाही. सेन्सर काढून टाकावा का? – पाचगणी

काढू नका. चारशे किलोचं सरकतं फाटक माणसाला खांबाशी चिरडतं, आणि दुरून मिटवणाऱ्याला ते दिसतही नाही. धुक्याचे थेंब इन्फ्रारेड किरण अडवतात, सेन्सरला वाटतं मधे कुणी उभं आहे. दोन डोळ्यांतलं अंतर कमी असेल तेवढं बरं. ६ मीटरच्या फाटकाला ३० मीटर क्षमतेचा सेन्सर घ्या, धुक्यात निम्मी-अधिक क्षमता जाते. पुढे छोटी छत्री लावा, कोळीष्टकं दर पंधरा दिवसांनी पुसा. दाट धुक्याच्या जागी फाटकाच्या कडेला रबरी सेफ्टी एज लावा. ती दाबली गेली की मोटर उलटी फिरते, तिला धुक्याशी देणंघेणं नाही.

याच पत्रात विचारलंय की वीज पूर्ण गेली तर काय. मोटरीला हाताने सोडवायची किल्ली असते. बहुतेक ठिकाणी मोटर आत, किल्ली आतल्या पेटीत, आणि माणूस बाहेर. कुंपणात बाजूला माणूसभर दिंडी दरवाजा ठेवा, साध्या मजबूत कुलपाचा, विजेशी संबंध नसलेला. त्यातून आत जाऊन मोटर सोडवता येते. दर तीन महिन्यांनी बॅटरीची वायर काढून, एकट्या माणसाने, रात्री, टॉर्च घेऊन हे करून बघावं. किती मिनिटं लागली ते पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावं. झाकण उघडलंच आहे तर वायरींची भोकं ग्लँडने (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बुजलीत का तेही बघा. पाल बोर्डावर जाऊन बसते ती तिथूनच, आणि तिच्यामुळेही बोर्ड जळतो.